पाण्याच्या पुएब्लो घागरी: प्रकल्पाच्या नोंदी

१३ जानेवारी २०२४, शनिवार

दीड वर्ष झालं मी दर शनिवारी अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीमधल्या या छोट्या म्युझियममध्ये व्हॉलंटिअर म्हणून येतेय, आत्तापर्यंतचं काम म्हणजे जुने फोटो स्कॅन करणं आणि लेबलं टाईप करणं. आज पहिल्यांदा भांड्यांना हात लावायला मिळाला. एका कुटुंबाने घर रिकामं करताना सहा भांडी देणगी दिलीयत, सगळी पुएब्लो लोकांची, सगळी पाण्याची. चार घागरी आणि दोन कॅन्टीन, म्हणजे दोरीने अंगावर अडकवून न्यायची पाण्याची भांडी. प्रत्येकाचं माप, वजन, फोटो, कुठे काय बिघडलंय त्याचा रिपोर्ट आणि शेवटी कुठल्या गावचं, साधारण कधीचं, यावर एक पान. वसंत ऋतू लागेपर्यंत संपवायचंय.

पुएब्लो म्हणजे स्पॅनिशमध्ये गाव, आणि अशा गावांत राहणारे इथले मूळ रहिवासी तेही पुएब्लोच. आज न्यू मेक्सिकोत अशी एकोणीस गावं आहेत आणि पलीकडे अ‍ॅरिझोनात होपी. बाहेरून सगळे एकच वाटतात पण झुनी गावच्या भाषेचं जगात कुठल्याच भाषेशी नातं सापडलेलं नाही, अ‍ॅकोमा आणि झिया या गावांची भाषा केरेस, ती पूर्ण वेगळी. मातीही वेगळी, त्यामुळे घागरही वेगळी.

नोंदी मराठीत ठेवतेय त्याचं कारण शब्द. इथे सगळ्या भांड्यांना सरसकट ‘ओया’ म्हणतात, तोही स्पॅनिश शब्द, त्यात पाणी आणायचं भांडं आलं, साठवायचं आलं, शिजवायचं पण आलं. मला त्यात नीट विचारच करता येत नाही. आपल्याकडे डोक्यावरून येते ती घागर, घरात एका जागी बसतो तो माठ, जागचा हलतच नाही तो रांजण. या चारही घागरी आहेत हे मला बूड बघून कळलं. फोमच्या उशीवर एक नंबर आडवी केली तर बुडाला आत दाबलेला खळगा, अकरा सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटरपेक्षा थोडा जास्त खोल. डोकं बसण्यासाठी. आपली घागर खाली गोल असते आणि सगळं काम चुंबळ करते, इथे बायका युक्का नावाच्या वाळवंटी झुडपाच्या पानांची विणलेली चुंबळ वापरायच्याच, पण घागरीनेही स्वतः डोक्यासाठी जागा करून दिलीय. मी बराच वेळ त्या खळग्यावर हात ठेवून बसले होते.

२० जानेवारी

मापं. एक नंबर, अ‍ॅकोमा: उंची २६ सेंटिमीटर, पोटाचा घेर सर्वात रुंद तिथे व्यास ३१, तोंड १८, वजन २.४ किलो. एवढ्या मोठ्या भांड्याला हे वजन काहीच नाही. भिंत जेमतेम पाच मिलिमीटर, मानेजवळ त्याहून कमी. आणि हे चाकावर केलेलं नाही हं, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भोपळ्याच्या तुकड्याने आतून बाहेरून खरवडत केलेलं आहे, बूड आधी एका उथळ परळात बसवून. इकडच्या तेवा भाषेत त्या परळाला पुकी म्हणतात.

किती पाणी मावतं ते पाणी भरून बघता येत नाही, म्हणून दर दोन सेंटिमीटरवर आतला व्यास घेतला आणि चकत्या चकत्या करून बेरीज केली. काठापर्यंत ११.४ लिटर, मानेपर्यंत ९.८. दोनदा केलं, तेच आलं. म्हणजे बाई भरून निघाली की डोक्यावर साधारण बारा किलो.

२७ जानेवारी

आज दिवसभर फक्त फुटका भाग बघितला आणि आत्तापर्यंतचा सर्वात भारी दिवस होता.

एक नंबरच्या काठावर नखाएवढी कपची उडालीय, तिथे आतली माती उघडी आहे. दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली फिकट राखाडी माती, आणि त्यात बारीक कोनेरी कण, काही पांढरे, काही करडे, आणि एका कणावर, मी तीनदा बघितलं, काळ्या रंगाच्या रेघेचा तुकडा. खापराचा चुरा! अ‍ॅकोमाची माती पाटीच्या दगडासारखी दाट असते, ती नुसती वापरली तर वाळताना तडकते म्हणून तिच्यात जुनी फुटकी खापरं दळून घालतात. झुनीतही तसंच. म्हणजे माझ्यासमोरच्या घागरीत तिच्या आधीची कुठली तरी रंगवलेली घागर आहे, आणि तिच्यात कदाचित तिच्याही आधीची.

चार नंबर, झिया, तिथे चित्रच वेगळं. लालसर वीटकरी माती आणि त्यात काळ्या दगडाचे चकचकीत कण, बसाल्टचा चुरा. झियाच्या आजूबाजूला लाव्हाचा दगड आहे, तो कुटून घालतात, आणि म्हणून झियाची घागर हातात जड आणि टणक लागते. जुने जाणकार नक्षी झाकूनसुद्धा फुटलेल्या कडेवरून गाव सांगतात ते यामुळेच. बसाल्ट म्हणजे आपला सह्याद्रीचाच काळा दगड, ओळखीचा माणूस भेटावा तसं झालं मला.

झियाचं एक इथे लिहून ठेवते. न्यू मेक्सिकोच्या झेंड्यावर जो लाल सूर्य आहे तो १९२५ साली झियाच्या एका जुन्या भांड्यावरून घेतला, गावाला न विचारता. सूर्य सगळीकडे गेला, गाड्यांच्या नंबरप्लेटवर, टी-शर्टवर, आणि ते भांडं गावाला परत मिळालं २००० साली.

३ फेब्रुवारी

गेले नाही, बर्फ.

१० फेब्रुवारी

तीन नंबर, झुनी. पोटावर हरणं आहेत, प्रत्येक हरणाच्या तोंडातून एक लाल रेघ निघून छातीत बाणाच्या टोकाने संपते. जीवनरेषा म्हणा किंवा श्वासाची वाट म्हणा. हरणाभोवती कमानीसारखी वेल, म्हणजे हरीण त्याच्या घरात उभं आहे. रंग काळा-तपकिरी आणि तांबडा, खाली पांढरा लेप. ब्रश म्हणजे युक्काच्या पानाचं टोक चावून चावून तंतू मोकळे केलेले, आणि रेघेच्या शेवटी ब्रश उचलला की एक केसासारखा शेपटा राहतो, तो भिंगाखाली स्पष्ट दिसतो.

मान आणि पोट यांच्यामध्ये भोवती दोन समांतर रेघा आहेत आणि त्या एका ठिकाणी तुटल्यायत, अर्धा सेंटिमीटर. मी रिपोर्टमध्ये ‘रंग उडालेला’ असं लिहून पण टाकलं होतं. मग परत बघितलं तर लेप तिथे अखंड आहे, आणि दोन्ही बाजूंना रेघ मुद्दाम थांबवलेली, टोकं नीट गोलसर. ही वाट ठेवलेली आहे. फ्रँक हॅमिल्टन कुशिंग हा मानववंशशास्त्रज्ञ १८७९ मध्ये झुनीत आला आणि जवळजवळ साडेचार वर्षं तिथेच राहिला, त्याला तिथल्या बायकांनी सांगितलं की ही भांड्यातल्या जीवाची बाहेर पडायची वाट, आणि त्याने ते १८८६ च्या त्याच्या लेखात छापलं. भाजताना किंवा फुटताना भांडं आवाज करतं तो त्यातल्या जीवाचा आवाज, असंही तो लिहितो. रिपोर्टमधली ओळ खोडली. अशी एक चुकीची ओळ राहिली तर उद्या कोणीतरी चांगल्या मनाने ती फट रंगवून बुजवेल, या विचाराने संध्याकाळपर्यंत अस्वस्थ होते.

कुशिंग ज्या टीमबरोबर आला ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या सरकारी संग्रहालय-संस्थेची, जेम्स आणि मॅटिल्डा स्टीव्हन्सन यांची. त्यांनी या गावांमधून हजारो भांडी गाड्या भरभरून वॉशिंग्टनला नेली. वस्तू देऊन घेतली, पण नेली. आणि लगेच १८८० मध्ये रेल्वे अल्बुकर्कीला पोचली, तिच्याबरोबर पत्र्याच्या बादल्या आल्या. बादली फुटत नाही. त्यानंतर पुढच्या पिढीत घागरी पाण्यापेक्षा प्रवाशांसाठी जास्त बनू लागल्या, लहान झाल्या, स्टेशनवर विकल्या जाऊ लागल्या. म्हणून तारीख ठरवताना मला नक्षीइतकंच वापराच्या खुणांकडे बघायचंय. तीन नंबरचा काठ आतून एका बाजूला गुळगुळीत झिजलाय, भोपळ्याचं ओगराळं वर्षानुवर्षं तिथेच घासलं असणार. विकायला केलेली घागर अशी झिजत नाही.

१७ फेब्रुवारी

यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाचा टॉर्च. खोली अंधारी करून सहाही भांड्यांवर फिरवला. एक नंबरच्या गळ्याला नारिंगी उजेडाची रेघ, म्हणजे जुनी लाखेची जोड, शेलॅक असं चमकतं. दोन नंबर, दुसरी अ‍ॅकोमा, तिच्या काठाचा हातभर भाग निळसर पांढरा, म्हणजे अलीकडची भरणी आणि वरून रंग. दिवसा ते डोळ्याला अजिबात कळत नव्हतं, खूप सफाईने केलंय. बोटाने हळूच वाजवलं, बाकी सगळीकडे टणटण आणि तिथे बद्द. माठ घेताना कुंभारासमोर आपण वाजवून बघतो तेच.

या फुटण्यावरूनच आठवलं. १९२२ मध्ये सांता फे इथे एका घरी जेवणाच्या वेळी जुनी झुनी घागर फुटली, जमलेल्या लोकांना इतकं लागलं की त्यांनी जुनी पुएब्लो भांडी वाचवायला फंडच सुरू केला. आज सांता फेच्या स्कूल फॉर अ‍ॅडव्हान्स्ड रिसर्चमध्ये जो मोठा संग्रह आहे त्याची सुरुवात ती फुटलेली घागर.

२४ फेब्रुवारी

दोन नंबरची खरी अडचण काठ नाही, पोट आहे. खालच्या अर्ध्या भागात लेपाच्या पापुद्र्या सुटतायत, टिकलीएवढ्या, आणि खाली पांढरी पिठासारखी पूड. मीठ.

घागर भाजतात उघड्यावर, शेणाच्या गोवऱ्यांमध्ये, आच फार वर जात नाही, त्यामुळे माती सच्छिद्र राहते, पाणी भिंतीतून पाझरून बाहेर वाळतं आणि आतलं पाणी गार राहतं. आपला माठ तसाच. पण या वाळवंटातलं पाणी खारट, पाझरताना ते क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार लेपाच्या मागे साठतात. नंतर घागर कपाटात गेली, कोरडी झाली, तरी पावसाळी हवेत क्षार ओल धरतात, विरघळतात, कोरड्या हवेत परत खडे होतात, आणि दर वेळी खडा वाढताना लेप थोडा उचलला जातो. माणूस बघत नसताना घागर आतून सुटत राहते.

उपाय म्हणजे शुद्ध पाण्यात बुडवून क्षार काढणं, रोज पाणी बदलायचं आणि पाण्यात किती क्षार उतरले ते मीटरवर बघायचं. आमच्या कलेक्शन मॅनेजर बाई आणि मी तासभर बोललो. जुनी लाख किंवा भरणी असेल तर पाण्यात सुटेल, पापुद्र्या वाहून जातील, आणि शंभर वर्षांपूर्वी या घागरीत कुठलं पाणी होतं याचा जो पुरावा तिच्या भिंतीत आहे तो मोरीत जाईल. शेवटी ठरलं की बुडवायचं नाही. हवेतली ओल एकसारखी राहील असा बंद डबा, ज्या पापुद्र्या हलतायत तेवढ्याच जागच्या जागी चिकटवायच्या. गळून पडलेल्या ज्यांची जागा सापडत नाही त्या एका पिशवीत, पिशवीवर नंबर. मला हा निर्णय मनापासून पटला. ते मीठ म्हणजे घाण नव्हे, ती घागरीची नोकरी होती.

२ मार्च

घरचं काम, म्युझियमचं नाही, पण नोंद इथेच करते.

९.८ लिटर हा आकडा डोक्यात घोळत होता. माझ्याकडे आईने दिलेली तांब्याची कळशी आहे, तिच्यात एवढं मावत नाही म्हणून स्टीलचा हंडा घेतला, दहा लिटर पाणी मोजून भरलं, हंड्यासकट बारा किलोच्या आसपास झालं, टॉवेल पिळून चुंबळ केली आणि अपार्टमेंटच्या मागच्या टेकाडावर चढायला लागले. वीस पावलांत मान ताठ झाली आणि खांदे भिजले. पाणी हिंदकळतं, एकदा हिंदकळलं की त्याचा ताल तुमच्या चालीला लागतो आणि मग थांबतच नाही.

आईला फोन केला. आई माण तालुक्यातली, लग्नाआधी उन्हाळ्यात दोन दोन मैलांवरून पाणी आणलेलं. ती म्हणाली, “अगं पाण्यावर चार पानं टाकायची, नाहीतर लहानशी डहाळी. पाणी गप बसतं. आणि पायाकडे बघायचं नाही, लांब बघायचं. हंडा तुझ्या डोक्यावर नाहीच असं चालायचं.” मग मी फोटो पाठवला एक नंबर घागरीचा, आणि ती बुडाचा खळगा बघून लगेच म्हणाली, “हिचं पोट वर आहे बघ. भार खाली लोंबत नाही.” खरंच. अ‍ॅकोमाच्या घागरीचं सर्वात रुंद पोट मधोमध नाही, थोडं वर आहे, आणि तिथून खांदा आत वळून मान बारीक होते, हिंदकळलेलं पाणी त्या खांद्यावर आपटून परत आत जातं. मी मापं घेतली, बेरजा केल्या, आणि हे मला दिसलं नव्हतं.

एडवर्ड कर्टिस या फोटोग्राफरचा १९०४ चा एक फोटो आहे, अ‍ॅकोमाच्या जुन्या पाणवठ्यावर घागरी घेऊन आलेल्या बायकांचा. अ‍ॅकोमा गाव एका सपाट माथ्याच्या खडकावर, खालच्या जमिनीपासून शंभर मीटरहून जास्त उंच, पावसाचं पाणी खडकातल्या नैसर्गिक कुंडांमध्ये साठायचं आणि तिथून घरी. फोटो आज परत उघडला आणि आज पहिल्यांदा त्यातल्या माना बघितल्या.

९ मार्च

कॅन्टीन. पाच नंबर एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर, तोंड दोन बोटांएवढं, तोंडाच्या दोन्ही बाजूंना दोरीसाठी कान. सपाट बाजू पाठीला लागते, फुगीर बाजू बाहेर. शेतावर नाहीतर मेंढरांमागे जाताना न्यायची. बूच नाही, दाणे काढलेल्या कणसाचं असायचं. दोरी कानात घासून दोन्ही कानांच्या आत चर पडलेत, उजव्या कानात जास्त खोल, म्हणजे कोणीतरी नेहमी एकाच खांद्यावरून घ्यायचं.

फुगीर बाजूच्या मधोमध एक छोटं टोक आहे. कुशिंग लिहितो की झुनी भाषेत कॅन्टीनचं नावच स्तनावरून आलंय, आणि घडवणारी बाई ते टोक सर्वात शेवटी बंद करते, बंद करताना नजर दुसरीकडे वळवून. वळ्यांनी गोल मिटत आणलेलं भांडं, शेवटचं भोक, आणि ती मान फिरवून बोटाने ते बंद करतेय. मी टोकावर भिंग धरलं. बोटाचा एक ठसा आहे, अर्धाच, जरा तिरका.

सहा नंबर पुढच्या वेळी, तिला केसासारखी चीर आहे, घाई नको.

१६ मार्च

अ‍ॅकोमाहून दोघी आल्या होत्या, एक सत्तरीच्या पुढच्या कुंभारीण आजी आणि त्यांची नात. म्युझियमनेच बोलावलं होतं, रिपोर्ट पक्का करण्याआधी भांडी ज्यांची त्यांना विचारायचं असं आता ठरलंय. २०२२ मध्ये सांता फेला पुएब्लो मातीकामाचं प्रदर्शन झालं, ते साठहून अधिक पुएब्लो लोकांनी मिळून निवडलं आणि लेबलंही त्यांनीच लिहिली, पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमला गेलं. ते मी बघितलं होतं आणि त्यानंतर मला माझी जुनी लेबलं वाचवत नव्हती.

आजींनी आधी टेबलासमोर उभं राहून हळू आवाजात काहीतरी म्हटलं, त्यांच्या भाषेत. मग एक नंबर घागर दोन्ही हातांनी उचलली आणि पहिल्यांदा आत हात घातला. नक्षीकडे नंतर बघितलं. आतून बोटं फिरवत होत्या, डोळे मिटून, आणि म्हणाल्या की हिने आतून खूप छान खरवडलंय, घाई केली नाही. मग दोन नंबर. मी मीठ दाखवलं, पापुद्र्या दाखवल्या, आम्ही काय ठरवलं ते सांगितलं. त्यांनी मान हलवली, बरोबर आहे म्हणाल्या, राबलेली आहे ती. आणि मग विचारलं, गळून पडलेलं कुठे आहे?

मी पिशवी आणली. सहा ग्रॅम, मी वजन करून ठेवलं होतं. त्यांनी पिशवी उजेडाकडे धरली आणि नातीला काहीतरी म्हणाल्या, नातीने मला सांगितलं की जागा सापडणार नसेल तर हे आजीला हवंय, दळायला. नव्या मातीत घालायला.

मला एकदम काही बोलता आलं नाही. मी महिनाभर त्या एकेक पापुद्र्याला चिमट्याने उचलत होते की काही हरवू नये, आणि त्यांच्यासाठी पिशवीत बंद राहणं हेच हरवणं आहे. मीच तर २७ जानेवारीला त्या कणावरची काळी रेघ बघून वेडी झाले होते, ती रेघ तिथे पोचली कशी, अशीच ना. मॅनेजर बाईंनी सांगितलं की नोंदणीतली वस्तू आहे, कमिटीपुढे जावं लागेल. आजी म्हणाल्या, चालेल, माती थांबते.

अर्ज आजच लिहून दिला, कारणाच्या रकान्यात पूर्ण पान भरलं.

६ एप्रिल

मध्ये दोन शनिवार सहा नंबर कॅन्टीनवर गेले, चीर स्थिर आहे, रिपोर्ट झाला.

कमिटीचं उत्तर आलं. रंग नसलेल्या आणि जागा न सापडणाऱ्या पापुद्र्या देता येतील, रंगाचा अंश असलेल्या राहतील. परत एकदा सगळ्या भिंगाखाली घेतल्या, एकेक. रंगाच्या तीन निघाल्या, त्या ठेवल्या. बाकी ५.३ ग्रॅम. नात पुढच्या आठवड्यात अल्बुकर्कीला येणार आहे, तिच्याकडे द्यायच्या.

दोन नंबरच्या रिपोर्टमध्ये ओळ घातली: ‘लेपाचे सुटे कण, ५.३ ग्रॅम, अ‍ॅकोमाला मातीत मिसळण्यासाठी दिले.’ लेबलचा मजकूर आजींना वाचून दाखवायचा राहिलाय, तोपर्यंत लेबल छापायला पाठवत नाही.